सबनीसांची बिनशर्त माघार

कृष्णकांत सबनीस पनवेलच्या महानगरपालिकेच्या पहिल्यावहिल्या निवडणुकीला उभे राहिले, ते आपण निवडणुकीला उभे राहणार नाही हे सिद्ध करण्यासाठी. हे वाक्य ज्यांना पहिल्या झटक्यात कळलं असेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. खुद्द सबनीसांना ते अजून नीटसं कळलेलं नाही, आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई यांनी तर समजून घ्यायचा नादच सोडून दिला आहे.

सुरुवात झाली एका बाकड्यापासून. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सबनीस आणि त्यांचा शाळासोबती फारूक मुकादम रोज संध्याकाळी वडाळे तळ्याला एक फेरी मारून सोसायटीच्या कोपऱ्यावर, मोरीच्या कठड्यावर बसत. फारूक मध्ये अठरा वर्षं कुवेतला होता. परत आल्यावर त्याने बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि सबनीसांशी अठरा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. सबनीसांना दुसरा मित्र नव्हता. तशी ओळखीची माणसं पुष्कळ होती, पण ज्याला 'गाढवा' म्हणता येईल असा हा एकच होता.

जानेवारीत फारूकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली. कठडा जेमतेम दीड फुटाचा. पहिल्या दिवशी फारूक बसला तो बसलाच. उठवायला सबनीस, वॉचमन आणि रस्त्याने जाणारा एक भाजीवाला असे तिघे लागले. त्या रात्री सबनीसांनी ठरवलं की कोपऱ्यावर एक सिमेंटचं बाकडं टाकायचं, पाठ टेकायची सोय असलेलं. विषय खरं तर इथेच संपायला हवा होता.

पण सोसायटीच्या सेक्रेटरी अरुंधती केळकर यांना बातमी लागली. त्या म्हणाल्या, "पाठ नको. पाठ असली की लोक झोपतात." दुसऱ्या मजल्यावरचे आनंदा पाटील म्हणाले, "पाठ पायजेच. नाय तर मानूस मागं कलंडून मोरीत जाईल." आनंदा मूळचे जवळच्याच ओवे गावचे. गावच्या जमिनी गेल्यावर त्यांनी सोसायटीत दोन फ्लॅट घेतले होते, आणि एकात राहून दुसऱ्यातून ते लोकांना सल्ले देत. बाकड्याचं तोंड रस्त्याकडे की भिंतीकडे यावर आठवडा गेला. शेवटी बाकडं करणाऱ्यानेच नवा प्रश्न काढला. "नाव काय टाकू?"

"नाव कशाला?" सबनीस म्हणाले.

"साहेब, बिननावाचं बाकडं अजून आमच्याकडून गेलेलं नाही. साच्यातच जागा आहे नावाची."

सबनीसांना कल्पना आवडली. 'सौजन्य : कृष्णकांत सबनीस व फारूक मुकादम' असं त्यांनी कागदावर लिहून फारूकला दाखवलं. फारूकने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "छान आहे. पण माझं नाव नको घालू यार. का ते नंतर सांगतो."

चौथीपासूनच्या मैत्रीत फारूकने 'नंतर सांगतो' म्हणायची ही पहिलीच वेळ. सबनीसांना ते लागलं. बाकड्यावर एकटं 'कृष्णकांत सबनीस' कोरलं गेलं, तेही बाकडंवाल्याने जागा भरायची म्हणून टाकलेल्या भल्यामोठ्या अक्षरांत.

एप्रिलमध्ये निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आचारसंहितेत नेत्यांची नावं झाकतात हे आपण सगळे जाणतो. निवडणूक पथकातली दोन माणसं खळीचा डबा घेऊन आली, रस्त्यावरच्या पाट्या झाकल्या, बस थांब्यावरची नावं झाकली आणि जाता जाता सबनीसांच्या नावावरही तपकिरी कागद फासून गेली. त्यांना काय माहीत सबनीस कोण. बाकड्यावर एवढं मोठं नाव आहे म्हणजे कोणीतरी असणारच.

आणि नेमका हाच विचार संबंध आळीने केला. जोवर नाव उघडं होतं तोवर ते कोणी वाचलं नव्हतं. झाकल्यावर मात्र दूधवाल्यापासून सगळ्यांनी वाचलं. इस्त्रीवाला कपडे परत देताना म्हणाला, "साहेब, शर्ट कडक केलाय, आता लागेल." अरुंधतीबाईंनी जिन्यात गाठून म्हटलं, "सबनीस, आम्हाला सांगायचं तरी! सोसायटीचा माणूस उभा राहतो आणि सोसायटीला कागदावरून कळतं?"

"मी उभा राहत नाहीये," सबनीस म्हणाले.

"कळलं, कळलं," अरुंधतीबाई डोळे मिचकावून म्हणाल्या.

खरा घोटाळा पुढेच होता. त्याच संध्याकाळी फारूक फिरायला आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सबनीस दुकानात गेले तर फारूक खिळे मोजत बसला होता. खिळे वजनावर विकतात, मोजत नाहीत.

"तू उभा राहणार होतास तर मला सांगायचं," फारूक खिळ्यांकडे बघत म्हणाला. "मी मागच्या दिवाळीपासून तयारी करतोय. अपक्ष. म्हणून तर नाव नको म्हटलं बाकड्यावर. आपला वॉर्ड, आपली गल्ली, अर्धी मतं तुझ्या ओळखीची. तू उभा राहिलास तर माझा निकालच लागला."

"अरे गाढवा, मी उभा राहत नाहीये!"

"उभा राहणारा असंच म्हणतो. मी पण सहा महिने सगळ्यांना हेच सांगत होतो."

मग फारूक एवढंच म्हणाला, "कागद आण. तू उमेदवार नाहीस असा शिक्क्याचा कागद. मग बोलू." आणि त्याने गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. गिऱ्हाईक नुसतं पत्ता विचारायला आलं होतं.

सबनीस रिक्षा करून निवडणूक कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई सज्जन होत्या. त्यांनी सबनीसांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, उमेदवार असल्याचा कागद मी देऊ शकते. उमेदवार नसल्याचा नमुनाच नाही. तसा द्यायचा म्हटला तर सगळ्या पनवेलला द्यावा लागेल."

हे सबनीसांना पटलं, आणि म्हणूनच ते जास्त गोंधळले. आयुष्यभर त्यांनी विम्याचे दावे तपासले होते. माणूस मेल्याचा दाखला असतो आणि जिवंत असल्याचाही असतो. उमेदवार नसण्याची मात्र सोय नाही.

संध्याकाळी आनंदांनी मार्ग काढला. "सोप्पं हाय सबनीस. तुमी फारम भरा."

"कसला?"

"उमेदवारीचा. भरा, आनि माघार घ्या. माघारीची पोच मिलते, शिक्क्याची. ती नेऊन मुकादमशेठच्या टेबलावर आपटा. आमच्या गावात दर टायमाला धा जन असंच करतात. कोनाला काय होत नाय."

सबनीसांनी यावर दोन दिवस विचार केला आणि त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. सुमतीबाईंना सापडली होती, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. तो भरताना सबनीसांना कळलं की उमेदवाराला प्रस्तावक लागतो, घरात संडास असून आपण तो वापरतो असं लिहून द्यावं लागतं, आणि शपथेवर खरं सांगावं लागतं. पहिल्या दोन गोष्टींचं काही नाही. तिसरी मात्र महागात पडली. उमेदवारांची शपथपत्रं कार्यालयाच्या फलकावर लावतात. दुसऱ्या दिवशी अख्ख्या सोसायटीला कळलं की सबनीस बी.कॉम. नसून पहिल्या वर्षापर्यंत शिकलेले आहेत, आणि छत्तीस वर्षांच्या संसारानंतर सुमतीबाईंना कळलं की नवरा लग्नाच्या वेळी सांगितला त्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. त्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ घातलं नाही. विचारल्यावर म्हणाल्या, "या वयात कमीच बरं."

सबनीसांनी आमटी तशीच संपवली. माघारीला चारच दिवस होते, त्यांनी कॅलेंडरवर खूण केली होती. दुपारी तीनपर्यंत मुदत. साडेतीनला पोच फारूकच्या टेबलावर, चारला चहा, सहाला तळ्याची फेरी, असा सगळा दिवस त्यांनी मनात आखून ठेवला होता.

त्या दिवशी ते एक वाजताच निघाले. माघारीचा फॉर्म भरलेला, सही केलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात. फाटकाशी अरुंधतीबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे सोसायटीच्या ऑफिसात बावीस सभासद.

"सबनीस, एकच मिनिट. तुम्ही माघार घेताय ती फुकट?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोसायटीला काय? समोरच्या सोसायटीतल्या एकाने मागे माघार घेतली तर त्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक आले."

"अहो, हा गुन्हा आहे!"

"वैयक्तिक घेतलं तर गुन्हा," अरुंधतीबाई शांतपणे म्हणाल्या. "ही सामाजिक मागणी आहे."

"पण मागणार कोणाकडे? मी फारूकसाठी माघार घेतोय."

"मग काय, प्रश्नच मिटला," मागून कोणीतरी ओरडलं. "मुकादमांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बिल्डिंगला रंग!"

इथे सबनीसांनी सरळ चालू लागायला हवं होतं. पण तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला चालू सभेतून उठून जाता येत नाही, आणि तोवर त्यांना खुर्चीत बसवून सभा सुरूही झाली होती. विशेष सर्वसाधारण सभा. विषय एक : सबनीस यांची माघार आणि इमारतीचा रंग. आनंदा म्हणाले, "पिस्ता मारा. डोल्याला गार लागतो." तळमजल्यावरची वेणू नाईक म्हणाली की पिस्त्यावर शेवाळ दिसत नाही, म्हणूनच तो नको, क्रीम हवा, म्हणजे लोक धुतील तरी. पिस्ता गट आणि क्रीम गट पडले. सबनीस तीनदा म्हणाले, "अहो, मला रंगच नको आहे," आणि तिन्ही वेळा त्यांची नोंद तटस्थ म्हणून झाली. हात वर करून मतं घेतली तेव्हा अकरा-अकरा झाली आणि सगळे सबनीसांकडे बघू लागले.

"पिस्ता," सबनीस कळवळून म्हणाले, "पिस्ता, पिस्ता! मला जाऊ द्या!"

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी फॉर्म मागितला. तो अरुंधतीबाईंनी ठरावाला जोडपत्र म्हणून फाइलला लावून कपाटात ठेवला होता. कपाटाची किल्ली खजिनदाराकडे. खजिनदार क्रीम गटातला, म्हणून रागाने घरी जाऊन झोपला होता. त्याला उठवलं, किल्ली आणली, फॉर्म सोडवला. आनंदांनी स्वतःच्या जीपमध्ये सबनीसांना घातलं आणि वाटेत कुणातरी उमेदवाराची ढोलताशाची फेरी आडवी आली. तिच्यातल्या एका कार्यकर्त्याने सबनीसांना ओळखून जीप थांबवली, हार घातला आणि म्हणाला, "राजकारण वेगळं, संबंध वेगळे." हार काढून पुन्हा चालू लागेपर्यंत आणखी दहा मिनिटं गेली.

अधिकारी बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीन वाजून चार मिनिटं.

"बाई, मी माघार घेतोय. बिनशर्त. रंगही नकोय मला."

"काका, आता घेता येत नाही. आता तुम्ही उमेदवार आहात." मग त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी पुन्हा पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी चिन्हही दिलं, शिट्टी.

त्या संध्याकाळी फारूकचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिलाच. सबनीसांनी धडपडत उचलला.

"मुबारक हो," फारूक म्हणाला. "चिन्ह चांगलं आहे. लहान मुलांनाही कळतं." आणि त्याने फोन ठेवला. सुमतीबाईंनी येऊन सबनीसांच्या हातातून रिसीव्हर हळूच काढून घेतला आणि त्या दिवशी आमटीत मीठ घातलं.

नंतरचे दिवस सबनीसांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. इमारतीत कुठेही कुकर वाजला की सुमतीबाई म्हणत, "ऐका, तुमचा प्रचार." वॉचमनने रात्री शिट्टी वाजवली म्हणून दुसऱ्या एका उमेदवाराच्या माणसांनी तक्रार केली. सबनीसांनी मग स्वतःविरुद्ध प्रचाराला सुरुवात केली. ते दारोदार जाऊन हात जोडत आणि म्हणत, "कृपा करून मला मत देऊ नका, फारूक मुकादमांना द्या." लोक कौतुकाने म्हणत, "किती साधा माणूस आहे!" कोणीतरी त्यांचा हात जोडलेला फोटो काढून मोबाइलवर फिरवला, खाली मजकूर : 'मत मागायलाही लाजणारा उमेदवार.' त्यात चार जागांसाठी चार बटणं दाबायची, आणि सबनीस नि फारूक एकाच जागेला उभे, हेच मुळात वॉर्डात कोणाला नीट कळत नव्हतं. लोक सबनीसांनाच थांबवून विचारत, आणि ते उमेदवार असल्यामुळे समजावून सांगत. जितकं नीट समजावत, तितकं लोकांना वाटे की माणूस कामाचा आहे.

मतदानाच्या दिवशी सबनीसांनी फारूकच्या नावापुढचं बटण असं काही दाबलं, की आत अडकलं की काय अशी त्यांना भीती वाटली.

निकाल लागला. फारूक अडतीस मतांनी पडला. कृष्णकांत सबनीस यांना मतं पडली त्रेसष्ट.

हा हिशोब कोणीही करू शकत होतं आणि सगळ्यांनी केला. सबनीसांनी तर तो रद्दी कागदावर मांडून पाहिला, उगाच, बदलतो का बघायला. बदलला नाही. आपल्या त्रेसष्टांनी मित्राचा घात केला. आणि मनाच्या अगदी तळाशी, जिथे ते स्वतःही सहसा जात नसत, तिथे एक लाजिरवाणा विचार होता : त्रेसष्ट माणसांना आपण आवडतो. कोण असतील?

दिवेलागणीला ते फारूकच्या घरी गेले. रमजान दोन दिवसांवर आला होता; ओटीवर धुतलेल्या चटया वाळत होत्या. दार फारूकच्या बायकोने, कुलसुमने उघडलं.

"या कृष्णाभाई. ते आत मगरिबची नमाज पढतायत. बसा."

"वहिनी," सबनीस म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे. मी शपथेवर सांगतो..."

"हळू बोला." कुलसुमने आतल्या दाराकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि समोर बसली. "तुमच्यामुळे नाही झालं. त्रेसष्टातली एकेचाळीस माझी आहेत."

सबनीसांना काही कळलं नाही. हल्ली त्यांना तशी सवय झाली होती.

"माझ्या शिवणक्लासच्या बायका. त्यांची एकोणचाळीस, वर आमची पोर जास्मीन आणि मी. मी सांगितलं, शिट्टी दाबा, आमच्या मुकादमांना डॉक्टरने मना केलंय." तिने पदर सारखा केला. "अठरा वरसं हा माणूस कुवेतला होता. मी सासू सांभाळली, पोरं मोठी केली, दर शुक्रवारी फोनवर तीन मिनिटं बोलले. परत आला तर दुकान. दुकान जरा मार्गी लागलं तर गुडघा. आता म्हणतो पाच वरसं लोकांची गटारं काढतो. मग मला कधी मिळायचा हो? साठीला आले मी."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नव्हता. सबनीसांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. त्रेसष्टातून एकेचाळीस गेले, बावीस. सोसायटीचे बावीस सभासद, तेही निवडून आल्यावर तरी रंग मिळेल म्हणून. म्हणजे कोणालाच आपण आवडत नव्हतो. आणि सुमती? ते हिशोब करायला लागले तेवढ्यात कुलसुम म्हणाली, "त्याला सांगणार?"

सांगितलं तर फारूक आपला होईल, हे सबनीसांना लख्ख दिसत होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. त्यांनी मान हलवली. "नाही."

आतलं दार उघडलं. फारूक टोपी काढत, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू बाहेर आला. सबनीस उठून उभे राहिले. कुलसुम सरबत आणायला आत गेली.

"माफ कर फारूक," सबनीस म्हणाले.

फारूक खुर्चीत टेकला. थकलेला दिसत होता. मग तो हसला, पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात आणि मग पोट धरून. "गाढवा! त्रेसष्ट! मी सहा महिने घरोघरी फिरलो. लोकांच्या लग्नांना गेलो, मयतीला गेलो, नळ दुरुस्त करून दिले. तू तर हात जोडून नको म्हणत होतास. तरी त्रेसष्ट! एकदा मला खरं सांग, तू यांच्यासाठी केलंस तरी काय?"

कुलसुम सरबताचे पेले घेऊन दारात थांबली होती. सबनीसांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"काही नाही रे," ते म्हणाले. "काही म्हणजे काही नाही."

फारूकने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मान डोलावली. "हे मात्र पटलं," तो म्हणाला, आणि कुलसुमच्या हातातला पहिला पेला त्याने सबनीसांना दिला.